घाशीरामची शेवटची दहा मिनिटे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रम समितीने मला 'ज्येष्ठांसाठी बचतीचे मार्ग' या विषयावर बोलायला सांगितले होते. छत्तीस वर्षे बँकेत गेली, त्यामुळे जिन्यात भेटलेला माणूसही मला आधी व्याजदर विचारतो आणि मग तब्येत. पण तो विषय लवकर संपतो. प्रत्येक ठेवीला नॉमिनी लावा आणि फोनवर कुणालाही ओटीपी सांगू नका. झाला संपून. उरलेल्या वेळात मी एका सिनेमाबद्दल बोलणार आहे. तो मी १९७७ साली पाहिला, पण शेवट पाहता आला नाही, आणि पुढची एकोणचाळीस वर्षे तो शोधत राहिलो.

सिनेमाचे नाव 'घाशीराम कोतवाल'. आता तुमच्यापैकी निम्मे लोक मनात म्हणत असतील, काका, ते नाटक आहे. थांबा जरा. हेच वाक्य मी एकोणचाळीस वर्षे ऐकले आहे.

आधी नाटकाचेच सांगतो, कारण तरुणांना ते ठाऊक असेलच असे नाही. विजय तेंडुलकरांनी लिहिले, जब्बार पटेलांनी बसवले, भास्कर चंदावरकरांचे संगीत. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. पेशवाईतले पुणे, नाना फडणवीस, आणि कनौजहून आलेला घाशीराम नावाचा एक गरीब ब्राह्मण. पुण्यात त्याचा अपमान होतो, चोरीचा आळ येतो. सूड म्हणून तो आपली मुलगी नानांच्या पुढ्यात करतो आणि बदल्यात शहराची कोतवाली मिळवतो. मग कोतवाल साहेब पुण्याला रडवतात, आणि काम झाल्यावर नाना त्यांना जमावाच्या हाती देऊन मोकळे होतात. इतिहासातला घाशीराम १७९१ साली असाच दगडांनी मारला गेला. त्याच्या कैदेत कोंडलेली माणसे एका रात्रीत गुदमरून मेली, त्याचा तो उद्रेक होता. नाटक मात्र इतिहास नव्हे, आणि त्यावरूनच सगळे वादळ उठले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते बंद केले. कलावंत मंडळी बाहेर पडली, त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे केले.

हे सगळे मी तेव्हा पेपरात वाचत होतो. भंडाऱ्यात बसून पुण्याचे नाटक वाचायचेच असते, बघायचे नसते! आमचे बघणे म्हणजे दिवाळी झाली की भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, रात्रभराची दंडार, आणि तंबूतला टुरिंग टॉकीज. पण ही दंडार पुढे कामी आली, ते सांगतो.

१९७६ मध्ये मी बँकेत लागलो. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात ट्रेनिंगसाठी पुण्याला पाठवले. खोलीत सोबत एक सांगलीचा मुलगा होता. नाव सांगत नाही, त्याला आवडले नसते. लेजरपेक्षा त्याचे लक्ष सिनेमात जास्त. एक दिवस तो म्हणाला, "अरे, संध्याकाळी फिल्म सोसायटीचा खेळ आहे, सभासदाबरोबर एक पाहुणा चालतो. घाशीरामचा सिनेमा आहे." मी म्हणालो, सिनेमा कधी झाला? तो म्हणाला, "झालाय. पण लागणार कुठे नाही. आज बघ, परत दिसेल याची खात्री नाही." माणूस किती खरे बोलून गेला, ते मला नंतर कळले.

एका छोट्या हॉलमध्ये शंभरेक माणसे, बाहेर पाऊस. आणीबाणी उठून काही महिनेच झाले होते. कोतवालाच्या हाती वाटेल ती सत्ता दिली की काय होते, हे त्या हॉलमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते. रस्त्यावर माणसांना अडवून परवाना विचारतात, असा प्रसंग आला तेव्हा कुणी हसले नाही. नाटकात हसतात, असे मी ऐकून होतो.

प्रोजेक्टर एकच होता. त्यामुळे एक रीळ संपले की दिवे लागायचे, पुढचे रीळ चढवेपर्यंत सगळे विड्या ओढायचे. असे करता करता पावणेदहा झाले. आमच्या वसतिगृहाचे फाटक दहाला बंद होत असे आणि मी प्रोबेशनवर होतो. शेवटचे रीळ चढत असताना मी उठलो. तो सांगलीकर म्हणाला, "शेवट तर बघ." मी म्हणालो, तू सांग उद्या. आणि निघालो. तो रात्री साडेअकराला भिंतीवरून उडी मारून आला, गुडघा फुटलेला, आणि कंदील लावावा तसा चेहरा. म्हणाला, "कापतच नाही रे! शेवटचा सगळा प्रसंग एका दमात. कॅमेरा थांबत नाही, कापत नाही." मला त्यातले काही समजले नाही. मी म्हणालो, बरं, झोप आता.

ट्रेनिंग संपले, मी इकडे आलो, तो तिकडे गेला. पण सिनेमा डोक्यातून जाईना. याचे कारण दंडार. घाशीरामच्या नाटकात आणि सिनेमातही ब्राह्मणांची एक रांग आहे. ती गाते, डोलते, कधी पडदा होते, कधी भिंत होते, आपल्यामागे काय चालले आहे ते लपवते. पुण्यामुंबईच्या जाणकारांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र पहिल्या पाच मिनिटांतच वाटले, अरे, ही तर आपली दंडार! तीच पुरुषांची रांग, तोच पायांचा ठेका, मधूनच गाणे आणि मधूनच सोंग. लहानपणी मंडईत घोंगडीवर बसून जे पाहिले, ते पुण्याच्या पडद्यावर पेशवाई कपडे घालून आले होते. हे कुणाला तरी दाखवावे असे फार वाटायचे. वडिलांना तर फारच. ते स्वतः तरुणपणी दंडारीत बाईचे काम करत.

मग शोध सुरू झाला. शोध म्हणजे काय, बदली होईल तिथे विचारत राहायचे. गोंदियात विचारले, चंद्रपुरात विचारले, नागपुरात तर प्रत्येक वेळी विचारले. उत्तर एकच, "साहेब, तुम्ही नाटक पाहिलं असंल." दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमे दाखवत. जेवण आटोपून मी समोर बसायचो. मल्याळी पाहिले, आसामी पाहिले, ओडिया पाहिले. आमच्या घरात त्या काळात माझ्याइतके ज्ञानी कुणी नव्हते. घाशीराम आला नाही.

पुढे व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. एका दुकानातल्या पोराने विचारले, "हिरो कोण हाय जी त्यात?" म्हटले, ओम पुरी. तो आत गेला आणि 'अर्धसत्य' घेऊन आला. "पोलीसवालाच हाय, घेऊन जा." मी नेला. पाहताना लक्षात आले की पोरगा अगदीच चुकला नव्हता. ओम पुरी तोच, पटकथा तेंडुलकरांचीच, आणि गोष्टही कोतवालाचीच. फक्त पेशवाई गेली होती.

घरात आणि बँकेत माझी थट्टा ठरलेली. सौ. म्हणायची, "अहो, स्वप्नात पाहिला असेल." साक्षीदार एकच, सांगलीचा. त्याचे दर दिवाळीला पत्र यायचे आणि त्यात मी न चुकता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असायचे, शेवटी काय होते? गंमत अशी की प्रत्येक पत्रात शेवट वेगळा. एकात धो धो पाऊस होता. एकात घोडे आले. एकात नाना थेट आपल्याकडे बघून बोलतात. एकात आजच्या काळातली माणसे येतात. मी चारही पत्रे जपून ठेवली आहेत. सांगणारा रंगवून सांगतो आहे की वर्षे त्याच्याही आठवणीत हात घालत आहेत, हे मला ठरवता येत नव्हते. फक्त एक वाक्य चारही पत्रांत जसेच्या तसे होते. 'कापत नाही.'

२०११ मध्ये तो गेला. आता सिनेमा होता असे म्हणणारा मी एकटाच उरलो.

यानंतर हा विषय मी सोडून दिला असता. पण निवृत्तीनंतर हाती वेळ आला आणि मी जरा पद्धतशीर वाचायला लागलो. तेव्हा कळले की सिनेमा हरवणे ही आपल्या देशात अगदी साधी गोष्ट आहे. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा. त्याची एकही प्रत आज नाही. जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते. सिनेमा उतरला की डबे भंगारात जायचे, धुऊन चांदी काढायचे आणि उरलेली पट्टी बांगड्या करायला जायची. आपण आज रौप्यमहोत्सव करतो आहोत म्हणून सांगितले. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायरांसारख्या माणसाने घरोघर, गोदामोगोदाम फिरून डबे गोळा केले, म्हणून फाळक्यांचे थोडेतरी आपल्याला दिसते.

आणि घाशीरामबद्दल जे कळले ते वाचून तर मी खुर्चीत ताठ बसलो. हा सिनेमा कुणा शेठजीने काढलेला नव्हता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांनी आपल्यासारखी सहकारी संस्था केली. नाव 'युक्त'. आणि पैसा? राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज! दिग्दर्शक चार, के. हरिहरन, मणी कौल, कमल स्वरूप आणि सईद अख्तर मिर्झा. कॅमेरेवालेही चार. आपल्याकडे टाकीच्या गळतीवर चार सभासदांचे एकमत व्हायला तीन सभा लागतात, आणि इथे चार दिग्दर्शकांनी एक सिनेमा पुरा केला. पटकथा तेंडुलकरांची, नानांचे काम नाटकातल्याच मोहन आगाशे यांचे. घाशीराम मात्र नवा, ओम पुरी. त्यांचे हे पडद्यावरचे पहिलेच मोठे काम. या मंडळींतले सईद मिर्झा म्हणजे तुम्ही टीव्हीवर 'नुक्कड' पाहिले ना, तेच. बिनोद प्रधान म्हणजे 'जाने भी दो यारो' आणि 'मुन्नाभाई'चा कॅमेरा. १९७६ मध्ये यातली बहुतेक बिनकामाची पोरे होती.

मी कर्ज विभागात बरीच वर्षे काढली. रात्री पडल्या पडल्या विचार केला, हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? अर्जदार बेरोजगार, तारण शून्य, विषय वादात सापडलेले नाटक, त्यात आणीबाणी चालू. 'शिफारस करता येत नाही' असे लिहून मी ती फाईल वर पाठवली असती, आणि नियमाने ते बरोबरच ठरले असते. त्या बँकेतल्या कुणीतरी तसे लिहिले नाही. त्या अनोळखी अधिकाऱ्याबद्दल मला फार कुतूहल आहे. त्याने तरी सिनेमा पाहिला असेल का?

सहकारी संस्थेची एक अडचण मात्र इथे दिसते. सगळ्यांचे ते कुणाचेच नाही. मुले आपापल्या वाटेने गेली, मोठी झाली. डबे कुणी सांभाळायचे? याचा अनुभव आपल्यालाही आहे. आपल्या वास्तुशांतीची व्हिडिओ कॅसेट ऑफिसच्या कपाटात होती. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आपण शेअर रजिस्टर आणि मंजूर नकाशा डोक्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर पळालो. कॅसेट राहिली. तिला आतून बुरशी आली. ती आज आपल्याला मघाशी पडद्यावर दिसली, ती केवळ एका सभासदाच्या नागपूरच्या मेहुण्याने हौसेने कॉपी करून नेली होती म्हणून.

घाशीरामचा मेहुणा बर्लिनला निघाला.

झाले असे. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात 'फोरम' म्हणून वेगळ्या वाटेच्या सिनेमांचा विभाग असतो. १९७८ मध्ये तिथे घाशीराम दाखवला गेला. तो विभाग चालवणारी 'आर्सेनल' नावाची संस्था दाखवलेल्या सिनेमांच्या प्रती आपल्याकडे ठेवून घेत असे. तशी ही प्रत तिथल्या फळीवर राहिली. दोन वर्षांनी, १९८० मध्ये, नाटकवाल्यांना बर्लिनचेच बोलावणे आले. तेव्हा केवढा विरोध झाला, महाराष्ट्राची बदनामी करायला चालले म्हणून जाऊ देणार नाही म्हणाले! ज्येष्ठांना आठवत असेल. नाटकवाले तरीही गेले. पण सिनेमा त्यांच्या आधीच तिथे जाऊन निवांत बसला होता, हे अडवणाऱ्यांना माहीत नसावे. पुढे आर्सेनलने आपल्या साठ्यातले जुने सिनेमे पुन्हा उजेडात आणायचा उपक्रम काढला, त्यात घाशीरामची डिजिटल प्रत झाली आणि डीव्हीडी निघाली. मराठी सिनेमा, पुण्यात केलेला, आणि जपला जर्मनांनी. यात लाज वाटावी की आभार मानावेत, ते मला अजून ठरवता आलेले नाही. दोन्ही थोडे थोडे.

हे सगळे मला २०१६ मध्ये नातवामुळे कळले. त्याने नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हेने लिहून शोधले. सुट्टीत आलेला पोरगा, पण दुपारभर बसला. "आजोबा, हा का?" आणि पडद्यावर तीच रांग! मी सौ.ला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, बघितले, आणि म्हणाली, "म्हणजे स्वप्न नव्हतं तर." चाळीस वर्षांचा संसार, पण एवढी जाहीर माघार मी पहिल्यांदाच पाहिली.

माझी पुतणी म्युनिकजवळ नोकरीला आहे. तिच्याकडून डीव्हीडी मागवली. ती आली तेव्हा घरात प्लेअर नव्हता! शेवटी आपल्या गणेशोत्सवाच्या सामानातून, लाइटच्या माळांखालून तो जुना प्लेअर काढला. सेक्रेटरी साहेबांनी रीतसर नोंद करून दिला, अनामत न घेता.

शेवटच्या भागाला मी मनगटावरचे घड्याळ काढून हातात धरले. आता थोडा हिशेब ऐका. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. कॅमेऱ्यात एका वेळी हजार फूट बसते, म्हणजे अकरा मिनिटे. दहा मिनिटे न कापता चित्रण करायचे तर जवळजवळ सगळे मॅगझिन एकाच प्रसंगावर लावायचे. जमाव आहे, नट आहेत, ऊन-सावली आहे, आणि नवव्या मिनिटाला कुणी शिंकला तर आठशे फूट फिल्म गेली. तीही कर्जाच्या पैशातली. तुमच्या हातात मोबाइल आहे, तुम्ही तासभर शूटिंग करून पुसून टाकता, म्हणून हे सांगितले. त्या पोरांनी हा धोका पत्करला.

कॅमेरा हलत होता, माणसे येत होती, जात होती. मी पडद्याकडे बघत होतो आणि घड्याळाकडेही. तीन मिनिटे. पाच. सात. सौ. म्हणाली, "अहो, एकाकडे काहीतरी बघा." दहा मिनिटांच्या आसपास तो प्रसंग थांबला. कापला नव्हता.

पाऊस, घोडे, नाना, आजची माणसे, यातले काय आहे आणि काय नाही, ते मी इथे सांगणार नाही. पण त्या एका वाक्यात माझा मित्र खरा होता.

रात्रीचे साडेदहा वाजले होते, तरी मी सांगलीला फोन लावला. वहिनींनी उचलला. म्हटले, "वहिनी, कापत नाही." त्या म्हणाल्या, "काय कापत नाही, भाऊजी?" मग सगळे सांगितले, सिनेमा, फाटक, गुडघा, चार पत्रे. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग हसल्या. म्हणाल्या, "मला त्यांनी लग्नानंतर लगेच सांगितला होता शेवट. पण तो तर वेगळाच होता." मी कागद-पेन घेतले आणि म्हटले, सांगा. तो पाचवा शेवटही आता त्या पत्रांसोबत ठेवला आहे.

आता सूचना. डीव्हीडी घरगुती वापराची आहे, त्यामुळे हॉलमध्ये जाहीर खेळ करता येणार नाही. कुणी आग्रह करू नये, मी जुना बँकवाला आहे. पण माझ्या घरी सहा खुर्च्या बसतात. येत्या शनिवारपासून दर शनिवारी संध्याकाळी सहाला, सहा-सहा जणांनी यावे. नावे सेक्रेटरी साहेबांच्या वहीत लिहावीत. लहान मुलांना आणू नये, विषय मोठ्यांचा आहे. ज्यांनी मंडईत दंडार पाहिली आहे त्यांना पहिल्या शनिवारी प्राधान्य, कारण त्या रांगेबद्दल मला त्यांच्याशी बोलायचे आहे. आमच्या फ्लॅटचे दार दहाला बंद होत नाही.

माझे भाषण लांबले. चहा आला आहे असे दिसते.